टीबीचा जंतू आळशी आहे

माझी बहुतेक नोकरी यवतमाळ जिल्ह्यात, ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाली. काम एका ओळीत सांगण्याजोगं: लोकांचा बेडका काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली टीबीचे जंतू शोधायचे. निवृत्त झालो तरी गावात कुणाचा खोकला लांबला की घरचे माझ्या सपरीत येऊन बसतात. उष्ट्यातून होते का? पोराले लागंल का? खर्च किती येईल? आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न : "बरं वाटून राह्यलं आता, मंग गोया कायले खाऊ?"

वर्षानुवर्षं मी या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं देत होतो. पण बहुतेक उत्तरांचं मूळ एकच आहे. टीबीचा जंतू फार आळशी आहे.

जुलाब करणारे साधे जंतू अनुकूल जागा मिळाली की वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. सकाळी निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवते, तोवर त्याचं एकदासुद्धा दुप्पट होणं पुरं झालेलं नसतं. त्याच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं. हे कवच बांधायला वेळ जातो, आणि ते बांधून झालं की नेहमीची बरीच औषधं आत शिरत नाहीत. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणून २४ मार्चला क्षयरोग दिन पाळतात आणि शाळेची पोरं प्रभातफेरी काढतात.

आपल्याकडं या रोगाचं जुनं नाव राजयक्ष्मा. दक्षाच्या शापानं चंद्राला जडलेला तो हाच, असं पुराणात आहे. ज्यानं ही गोष्ट रचली त्यानं रोगी जवळून पाहिला असणार, कारण टीबीचा माणूस एकदम कोसळत नाही, कलेकलेनं झिजतो.

पहिली अडचण इथंच आहे. मलेरिया माणसाला गदागदा हलवतो आणि दवाखान्यात नेऊन टाकतो. टीबी तसं काही करत नाही. संध्याकाळी थोडी कणकण, रात्री मानेखालची उशी घामानं ओली, भाकर गोड लागत नाही, पॅन्ट कमरेला सैल होते, आणि खोकला. आता आमच्याकडं खोकल्याला कारणांची कमी आहे का? सोयाबीन काढलं तर मळणीचा भुसा, कापूस वेचायला गेलं तर धूळ, थंडी पडली तर थंडी. बिडी ओढणाऱ्याला तर बारमाही खोकला असतोच. त्या जुन्या खोकल्यात टीबीचा नवा खोकला असा काही लपतो की बायकोलाही कळत नाही. वेचणीच्या दिवसांत सगळेच वाळलेले दिसतात, मग एकटा जास्त वाळला हे कुणाच्या ध्यानात येणार?

मग माणूस बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातो, खाजगी डॉक्टरकडं एक सुई मारून घेतो, जमलं तर सलाईन लावतो आणि खोकल्याची बाटली घेऊन परततो. आठ दिवस बरं वाटतं. यात एक खोच आहे. छातीच्या साध्या संसर्गासाठी देतात त्यातली काही औषधं, विशेषतः लिव्होफ्लोक्सासिनच्या जातीची, टीबीच्या जंतूलाही थोडी झोडपतात. मारत नाहीत, नुसती दबवतात. तपासणीत मग तो सापडायला कठीण जातो आणि आणखी महिना-दोन महिने निघून जातात. तेवढ्या काळात हा माणूस घरात, पारावर, एसटीत खोकत असतो. म्हणून नियम साधा ठेवला आहे : दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा. कारण ठाऊक असो वा नसो, बिडी ओढत असो वा नसो.

आता उष्ट्याचा प्रश्न. टीबी हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो, भजनात वरच्या सुरात गातो, तेव्हा बारीक थेंब उडतात. ते बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून खोल जातात. ताट, पेला, पांघरूण, टॉवेल यातून तो होत नाही. म्हणजे आजारी बापाची थाळी वेगळी ठेवायची, आणि रात्री मात्र थंडीमुळं दार-खिडकी लावून सगळ्यांनी त्याच एका खोलीत निजायचं, हे अगदी उलटं झालं. थाळी एकच असू द्या, खिडकी उघडा. मोकळ्या हवेत ते थेंब विरून जातात आणि उन्हात जंतू टिकत नाही.

आणि जंतू अंगात शिरला म्हणजे रोग झाला, असंही नाही. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर सर्वेक्षण झालं, त्यात १५ वर्षांवरच्या साधारण एकतृतीयांश लोकांच्या अंगात टीबीच्या जंतूचा शिरकाव झालेला आढळला. यातल्या बहुतेकांना रोग कधीच होत नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी होतो. शरीर त्या जंतूला कोंडून ठेवतं आणि तोही वर्षानुवर्षं पडून राहतो. आळशीच तो. कोंडवाड्याचं कुंपण कमजोर झालं की उठतो. कुंपण कशानं कमजोर होतं? अपुऱ्या खाण्यानं, साखरेच्या आजारानं, एचआयव्हीनं, बिडी-सिगारेटनं, दारूनं, दगडाच्या बारीक धुळीत वर्षानुवर्षं काम केल्यानं. आपल्याकडं या यादीत पहिला नंबर अपुऱ्या खाण्याचा. त्याच्याकडं पुढं येतो.

आधी माझ्या खात्याचं बोलतो, कारण इथं सगळ्यात जास्त घोळ होतो आणि तो फुकटात टळण्यासारखा आहे.

बेडका म्हणजे थुंकी नव्हे. तोंडातली पातळ, पांढरी, फेसाळ थुंकी घेऊन माझ्या बापालाही टीबी सापडला नसता. जंतू छातीच्या तळाशी असतात, तिथून खोकून आलेला घट्ट, पिवळसर चिकट पदार्थ हवा. सकाळी उठल्याबरोबर, काही खायच्या आधी, साध्या पाण्यानं चूळ भरायची. अंगणात किंवा मोकळ्या जागी जायचं, माणसांपासून दूर. दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्यायचा, थोडा रोखायचा, मग पोटापासून खोकायचं. जे येईल ते डबीत. एक नमुना दवाखान्यात आल्या आल्या आणि एक असा सकाळचा, घरून. खर्रा खाणाऱ्यांना जादा सूचना : आधी तोंड नीट धुऊन घ्या. सुपारीचे तुकडे मी इतके पाहिले आहेत की काचपट्टी बघून कुणाच्या टपरीचा खर्रा आहे ते सांगितलं असतं. आणखी एक, नाव डबीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात.

बायकांच्या डब्यांत थुंकी जास्त यायची. घसा खाकरून बेडका काढणं बाईमाणसाला शोभत नाही, असं लहानपणापासून मनात भरवलेलं. त्यात डबी हातात देऊन, सगळ्यांसमोर, "थुंका यात" एवढंच सांगायचं! पाकिस्तानात रावळपिंडीला यावर अभ्यास झाला होता, २००७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही बायकांना बेडका कसा द्यायचा हे नीट समजावून सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखी डबी दिली. समजावलेल्या गटात टीबी सापडण्याचं प्रमाण दीडपटीहून जास्त निघालं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, पाच मिनिटं बोलणं फक्त. आमच्याकडं पुढं मी आशाताईंना सांगून ठेवलं की बायकांना दवाखान्यामागच्या कडुनिंबापाशी न्या आणि तुम्ही स्वतः खोकून दाखवा. थुंकीची डबी आली की मी परत करायचो. चिडायचे लोक. करणार काय?

डबी आल्यावर पुढं काय होतं? जुनी पद्धत अशी. पट्टीवर बेडका पसरून वाळवला, त्यावर लाल रंग ओतला आणि खालून वाफ येईपर्यंत तापवला. मग आम्लानं धुतला. आम्लानं बाकी सगळ्याचा रंग निघून जातो, टीबीचा जंतू मात्र मेणाच्या कवचात तो धरून बसतो. मागून निळा रंग दिला की निळ्या रानात बारीक लाल काड्या दिसतात. पण त्या दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात हजारोंनी, दहा हजारांच्या घरात जंतू लागतात. त्याहून कमी असले की आम्ही 'निगेटिव्ह' लिहायचो आणि माणूस रोग घेऊन घरी जायचा.

आता जंतूचा अंश ओळखणारी यंत्रं आली आहेत, सीबीनॅट आणि ट्रूनॅट. सीबीनॅटला एका मिलिलिटरमध्ये सव्वाशे-दीडशे जंतू पुरतात आणि दोनेक तासांत निकाल मिळतो. सोबत रिफाम्पिसिन हे मुख्य औषध या जंतूवर चालेल की नाही, तेही कळतं. ट्रूनॅट गोव्यात तयार होतं आणि बॅटरीवर चालतं. लाइन कधी जाईल याचा भरोसा नसलेल्या ठिकाणी या गोष्टीचं मोल तिथं काम केलेल्यालाच कळेल. या आळशी जंतूला प्रयोगशाळेत वाढवून बघायचं म्हटलं तर आठवडे जातात, सहा-आठ आठवडेही. यंत्र ती वाट बघत नाही. तेव्हा नुसत्या काचपट्टीवर निगेटिव्ह आलं आणि खोकला, ताप, वजन घटणं चालूच असेल, तर "माझी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट झाली का?" असं सरळ विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही.

छातीचा एक्स-रेही आता गावापर्यंत येतो, हातात धरता येणाऱ्या यंत्राचा. खोकला नसलेल्यांनी, मला काय झालंय म्हणून, तिकडं पाठ फिरवू नये. मघाच्याच सर्वेक्षणात सापडलेल्या शंभरातले चाळीसहून जास्त रुग्ण एक्स-रे काढला नसता तर सुटले असते. एका गोष्टीवर मात्र पैसे घालवू नका : रक्त काढून टीबी आहे की नाही सांगणाऱ्या अँटिबॉडीच्या टेस्ट. त्या भरवशाच्या नाहीत म्हणून केंद्र सरकारनं २०१२ मध्येच त्यांवर बंदी घातली.

टीबी फुप्फुसाबाहेरही होतो. मानेला गाठी येतात त्या गंडमाळा, पाठीचा मणका, मेंदूचं आवरण, आतडी, बाईचा गर्भाशय. नखं आणि केस सोडले तर कुठंही. तिथं बेडका उपयोगाचा नसतो, गाठीतून सुईनं नमुना घेतात किंवा स्कॅन करतात. फुप्फुस सोडून असलेला टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही.

आता तो गोळ्यांचा प्रश्न.

काळ्या रानात कुंदा माजला की काय होतं, हे मी शेतकऱ्याला सांगावं असं नाही. वरून कापला, रान स्वच्छ दिसलं, पंधरा दिवसांत पुन्हा हिरवं. कारण त्याच्या मुळ्या हातभर खाली असतात. त्या खणून काढल्याशिवाय कुंदा जात नाही, आणि खणणं हे उन्हाळाभराचं काम. टीबीचं तसंच आहे. औषध वाढत्या जंतूवर जोरात लागू पडतं. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं एकत्र देतात : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. त्यात वरवर वाढणारे बहुतेक जंतू मरतात. ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. रान स्वच्छ दिसतं. पण खाली निजलेले जंतू बाकी असतात. ते महिनोन्महिने हालचाल करत नाहीत आणि औषधाला सापडतात ते हालचाल करतात तेव्हाच. त्यांच्यासाठी पुढचे चार महिने, तीन औषधं. म्हणजे बरं वाटणं हे निम्म्याहूनही आधी येतं. "गोया कायले खाऊ" याचं उत्तर हे आहे : तू ज्या जंतूमुळं खोकत होतास ते मेले, आता ज्यांचा पत्ता नाही त्यांच्यासाठी खा.

मध्येच सोडलं तर काय होतं, तेही शेतातलंच. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा कापूस, खाल्ला तेव्हा सगळे विचारत होते, बीटीला अळी लागलीच कशी? विषाला पुरून उरलेल्या अळ्यांची पिलावळ वाढली, म्हणून लागली. अर्धवट औषधानं जंतूंचं हेच होतं. कच्चे मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. मग नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. अशा टीबीला पूर्वी दीड-दोन वर्षं औषध आणि महिनोन्महिने रोज सुई लागायची, कान जायचे काहींचे. आता चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स आला आहे, केंद्र सरकारनं त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. सोपं झालं खरं, पण ही औषधं जास्त कडक आहेत आणि प्रत्येकाला चालत नाहीत.

गोळ्या वजनावर ठरतात, कुणाला दोन, कुणाला चार. रोज घ्यायच्या. लघवी केशरी-लाल होते ती रिफाम्पिसिनमुळं, रक्त नाही ते. पहिल्या आठवड्यात याच भीतीनं गोळ्या फेकून देणारे मी पाहिले आहेत, आणि कुणी आधी सांगितलं असतं तर फेकल्या नसत्या. मळमळ, सांधे दुखणं, तळपायाला मुंग्या, हे सांगा, उपाय असतो. पण डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या, किंवा नजर अंधुक होऊन लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठायचा. दारूही यकृतावर जाते आणि औषधंही. दोन्हीचा भार एकाच बैलावर टाकू नये.

तपासणी, औषधं सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे. खाजगी डॉक्टरकडं उपचार चालू असले तरी रुग्णाची नोंद सरकारकडं करणं त्याला बंधनकारक आहे. नोंदीला निक्षय आयडी म्हणतात. तो जपून ठेवा, कारण मिरची तोडायला तेलंगणात गेलात किंवा वीटभट्टीवर गेलात तरी त्या नंबरावर तिकडं औषध सुरू ठेवता येतं. जाण्याआधी फक्त कळवून जा. शंका असेल तर १८००-११-६६६६ हा फुकट फोन आहे.

खाण्याचं मी मघाशी उधार ठेवलं होतं. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं घेऊन एक मोठा अभ्यास झाला. रुग्णांना सगळ्यांनाच शिधा दिला. निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. त्या घरांतल्या माणसांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ, डाळ आणि सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या, बस! आणि आपण तुरीच्या मुलखात राहतो. घरची तूर सगळी बाजारात जाते आणि ताटात पाण्यासारखं वरण येतं, यावर मी जास्त बोलत नाही, भाव कोण ठरवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रुग्णाला सरकार निक्षय पोषण योजनेतून महिन्याला हजार रुपये देतं. आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. बँकेचं खातं बंद पडलेलं असेल तर पैसे अडकतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पासबुक बघून घ्या. या पैशात टॉनिकच्या बाटल्या आणू नका. अंडी, शेंगदाणे, डाळ आणा.

शेवटी घरच्यांचं. लग्न होऊन दोन वर्षं झालेल्या सुनेला टीबी निघाला की तिला माहेरी धाडायचं, हे अजून चालतं. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात सुमारे दोनशे गरीब रुग्णांपैकी निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णांसाठीच्या खास इस्पितळात, आणि निम्म्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात ठेवून औषध दिलं. घरी राहिलेले जवळपास तेवढेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. कारण लागण होते ती निदानाच्या आधी. औषध नीट सुरू झाल्यावर काही आठवड्यांत माणूस जंतू पसरवायचा बहुतेक थांबतो. म्हणजे सून धोकादायक होती ती तुम्ही तिच्या खोकल्याला आल्याचा रस देत होता तेव्हा, आता नव्हे. पहिले दिवस तोंडाला रुमाल, खिडकी उघडी, बस. घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करा, पाच वर्षांखालची लेकरं आधी. रोग नसेल तर तो होऊ नये म्हणून औषध मिळतं : रोज एक अशी सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा असे १२ डोस. जन्मल्यावर दिलेली बीसीजी लस लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते. मोठेपणी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

दोन महिन्यांनी आणि कोर्स संपताना पुन्हा बेडका तपासतात. एकदा एक म्हातारी सहा महिने पुरे करून आली. आली होती तेव्हा एकतीस किलो होती, आता लुगडं अंगावर भरलं होतं. डबी घेऊन कडुनिंबापाशी गेली, बराच वेळ खोकत राहिली, आणि परत येऊन ओशाळून म्हणाली, "बेडकाच नाही येऊन राह्यला जी." डबीत नुसती थुंकी होती, पातळ, पांढरी, फेसाळ.

ती डबी मी परत केली नाही.